गॅसघरातली सासू

सन्माननीय अध्यक्ष वकीलसाहेब, आजचे प्रमुख पाहुणे आणि ज्यांच्या देणगीच्या छपराखाली आपण सगळे सावलीत बसलो आहोत ते साजगावच्या काच कारखान्याचे मालक शेठजी, प्राचार्य महोदय, स्थानिक व्यवस्थापन समितीचे सभासद, ज्यांच्यासाठी हा हार-तुऱ्यांचा खटाटोप मांडला आहे त्या पदार्थविज्ञान विभागाच्या प्राध्यापिका नफिसा धनसे, माझे सहकारी, कर्जत-खालापूरकडून मुद्दाम आलेले बंधुभगिनी, आणि दारात हजेरी घेतली जाणार आहे अशी बातमी फुटल्यामुळे मोठ्या संख्येने उपस्थित राहिलेले विद्यार्थी मित्रहो,

निरोपाच्या भाषणात खोटं बोलायची आपल्याकडे रीतसर परवानगी असते. या जागेवरून मी आजवर इतक्या जणांना अजातशत्रू म्हटलं आहे, की त्यांच्या एकमेकांतल्या भांडणांचं काय करायचं हा प्रश्नच आहे. मराठी शिकवतो, दिवाळी अंकात चार विनोदी लेख छापून येतात, म्हणून भाषण आलं की माझं नाव पुढे येतं. परवा प्राचार्य म्हणाले, "दोन गोड शब्द बोला." मी रात्रभर शोधले. जे सापडले ते गोड आहेत की नाही, ते तुम्ही ठरवा.

पहिली गोष्ट, धनसेबाई निवृत्त होत नाहीत. त्यांना बढतीही मिळालेली नाही. आपल्या संस्थेच्या घाटावरच्या शाखेत त्यांची बदली झाली आहे. तिथे विज्ञान शाखा अजून मंजूर व्हायची आहे. पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका जिथे पदार्थविज्ञान नाही तिथे पाठवायची, हा आपल्या संस्थेचा नवा प्रयोग. प्रयोगशाळेची गरज नसलेला हा पहिलाच प्रयोग असावा.

टाळ्या नकोत. अजून सुरुवात आहे.

बाईंनी इथे काय केलं, हे पुष्कळांना नीट ठाऊक नाही. बाई कर्जतच्या. तिथे स्टेशनाजवळ झाकीरभाईंचं केशकर्तनालय आहे. गिऱ्हाइकाच्या केसांवर पाणी उडवायचा पितळी फवारा बाईंनी त्यांच्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणला. इथे मागच्या व्हरांड्यात शेगडीवर भाकरीचा लोखंडी तवा तापवला, त्यावर काचेच्या पट्ट्या मांडल्या आणि त्या फवाऱ्याने कथिलाच्या क्षाराचं पाणी हळूहळू त्यांच्यावर उडवलं. व्हरांड्यात असा धूर झाला, की प्राचार्यांना वाटलं विद्यार्थ्यांनी संप केला. काचेच्या पट्ट्या जीवशास्त्र विभागातून नाहीशा होत होत्या, त्यांचाही उलगडा त्याच दिवशी झाला. झाकीरभाईंच्या फवाऱ्याचं पितळ त्या पाण्याने खाल्लं ते खाल्लंच. झाकीरभाई मागे बसले आहेत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "बाईसाब, पुढच्या वेळेला वस्तरा मागू नका."

तर त्या काचेवर एक पापुद्रा बसतो. कथिलाच्या ऑक्साइडचा. इतका पातळ की दिसत नाही. पट्टी तिरकी धरली तर पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखा रंग चमकतो, तेवढाच. हा पापुद्रा खालून तापता ठेवला आणि त्यातून थोडी वीज सोडली, तर साध्या हवेत तो विजेला सहजासहजी वाट देत नाही. हवेत गॅस आला की मात्र वाट मोकळी होते, मीटरचा काटा सरकतो, घंटा वाजते. मला बाईंनी हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजलं, कारण तेव्हा त्यांनी गॅसशिवायच स्टाफरूममध्ये प्रयोग केला. स्नेहसंमेलनाची संध्याकाळ होती. आमचे एक ज्येष्ठ सहकारी जवळून गेले आणि घंटा वाजली. मद्याच्या वाफेलाही पापुद्रा तितकाच हळवा असतो, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. मी नाव घेत नाही. ते खुर्ची मागे सरकवताहेत, तेवढं पुरे.

हे हसण्यावारी राहिलं असतं. पण पुढच्या महिन्यात भोपाळला दोन वर्षं होतील. त्या हिवाळ्यात गॅस हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. तेव्हा शेठजी, तुम्ही स्वतः गाडी काढून या महाविद्यालयात आलात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यात ते विसरलं जाईल. तुमच्या भट्टीला कोळशापासून केलेला गॅस लागतो. कोळसा अर्धवट जाळून तो करतात आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस नुसता बसल्या जागी पेंगतो आणि उठत नाही. तुम्ही विचारलंत, "बाई, माझ्या गॅसघरात तुमचं काही लावता येईल का?" कुणी सक्ती केली नव्हती. सरकारने विचारलंही नव्हतं. तुम्ही विचारलंत.

बाईंनी पापुद्र्याला पॅलेडियम धातूचा हलका हात दिला, जाळीच्या डबीत बसवला, आणि गॅसघराच्या भिंतीवर घंटा लागली. भिवपुरीची वीज आपल्या डोक्यावरून मुंबईला जाते आणि आपल्याकडे येते ती जांभया देत, म्हणून बाईंनी घंटेला बॅटरीही जोडली. दर काही महिन्यांनी पापुद्रा म्हातारा होतो, तो बाई जाऊन बदलायच्या. घंटा धुपाला वाजे, कापराला वाजे, कॅंटीनमधली फोडणी जास्त लागली तर तिलाही वाजे. कारखान्यातल्या गड्यांनी तिचं नाव ठेवलं सासू. "सासू बोंबलली रं!" असा पुकारा झाला, की लोक हसत बाहेर यायचे, विडी ओढायचे, परत जायचे. बाईंना ते नाव आवडलं होतं. म्हणायच्या, "सासू उगाच ओरडली तर चालेल. नेमकी गरज असताना गप्प बसली तर नको."

आता खंडेनवमीचं सांगतो. इथून पुढे मला थोडं सांभाळून बोलावं लागेल आणि तो माझा स्वभाव नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा. काच कारखान्यात भट्टीची पूजा होते, शेठजी सपत्नीक आरती करतात, पेढे वाटतात. भट्टी मात्र बंद होत नाही. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं तशीच जळत ठेवावी लागते. म्हणजे सगळे पूजेला गेले तरी गॅसघरात एक माणूस लागतो. गेली कित्येक वर्षं तो माणूस म्हणजे बुधाजी. बुधाजींच्या घरात छपन्न सालापासून बुद्धवंदना होते. पूजेत त्यांना बोलवत नाहीत आणि तेही जात नाहीत, तेव्हा दोन्हीकडची सोय म्हणून ते पाळी घेतात. मागच्या खुर्च्यांवर बसले आहेत ते बुधाजी आणि शेजारी त्यांची मंडळी पारूबाई.

त्या दिवशी बाई पापुद्रा बदलायला गेल्या होत्या. पूजा चालली होती, म्हणून काम आटोपून गॅसघराशी थांबल्या. कुणी भाविकाने सासूलाही झेंडूची माळ घातली होती आणि हळदकुंकू वाहिलं होतं. बाई म्हणाल्या, "डबीला लावा, पण जाळीच्या आत बोट घालू नका." तेवढ्यात शेजारीच भट्टीपाशी आरती सुरू झाली आणि घंटा वाजायला लागली. सगळे हसले. सासूला धूप झोंबला! बाईंनी धुपाटणं उचलून बाहेर नेलं, दारं उघडली. घंटा थांबली नाही. बुधाजी तेव्हा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरले होते. बाईंनी फोरमनला सांगितलं, गॅस बंद करा, माणूस वर घ्या. फोरमनने शेठजींकडे पाहिलं. शेठजींच्या हातात आरतीचं ताट. आरती मध्येच थांबवायची नसते, हे आपण सगळे जाणतो. मला खरंच सांगा, त्या क्षणी आपल्यापैकी कुणी थांबवली असती? मी नसती थांबवली. मी आवाज थोडा वाढवला असता, घंटा ऐकू येऊ नये म्हणून.

बाईंनी स्वतः चाक फिरवून गॅस बंद केला. दोन गड्यांनी बुधाजींना काखेत धरून वर काढलं. ते म्हणाले, "मला काय नाय झालं, जरा डोकं जड हाय." आणि भिंतीला टेकून खाली बसले.

भट्टी थंडावली. काच वितळवायच्या कुंडांत काच गोठली. ती फोडून काढून भट्टी परत पेटवेपर्यंत पुष्कळ दिवस गेले आणि त्या दिवसांत दिवाळी आली. पाळ्या बंद, म्हणून गडी घरी बसले. त्यांनीही बाईंना शिव्या घातल्या, हे विसरू नका. शेठजींचं नुकसान झालं, हेही खरं आहे. आणि गळती कुठे होती? गॅस बंद केल्यावर गळती कशी सापडणार? जो अपघात झाला नाही त्याची जागा दाखवता येत नाही. माणूस मेला असता तर पुरावा मिळाला असता. बाईंनी तो मिळू दिला नाही, हा त्यांचा गुन्हा.

मग आमच्या समितीची बैठक झाली. तिथे असं मांडण्यात आलं, की कारखान्याच्या डॉक्टरांच्या मते बुधाजींना आलेली भोवळ ही नवरात्राच्या उपवासामुळे आलेली भोवळ होती.

थांबतो जरा. हसणाऱ्यांचं हसून होऊ द्या.

बुधाजी आणि नवरात्राचा उपवास! तीस वर्षांत त्या घरात कुणी नवरात्र धरलं नाही. मी त्यांच्या आळीच्या पलीकडेच राहतो. खंडेनवमीच्या सकाळी मी त्यांच्या दारावरून चाललो होतो आणि सुकट भाजल्याचा वास येत होता. एवढा दांडगा पुरावा माझ्या नाकात होता. बैठकीत मी तो नाकातच ठेवला.

मी या समितीवर प्राध्यापकांचा प्रतिनिधी आहे. आपल्याकडे ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक होण्यात जबाबदारी असते. अनुमोदक होण्यात नुसता आवाज लागतो आणि माझा आवाज बरा आहे. वर्षानुवर्षं मी अनुमोदन देत आलो. फाटकाच्या रंगाला दिलं, उपाहारगृहाच्या चहाला दिलं. एकदा दुखवट्याच्या ठरावाला सहर्ष अनुमोदन दिलं होतं. ते ऐकून मृताच्या नातेवाइकांनाही आश्चर्य वाटलं नाही. तर त्या दिवशी चिटणिसांनी ठराव वाचला: धनसेबाईंची बदली करावी, आणि कारखान्यातली घंटा महाविद्यालयाने परत घ्यावी. शांतता झाली की सगळे माझ्याकडे बघतात. आणि माझा हात वर झाला आणि माझं तोंड म्हणालं, "अनुमोदन."

तोंड म्हणालं असं मी म्हणतो, पण ते माझंच होतं. सुकटीचा वास मला तेव्हाही येत होता.

चारेक दिवसांनी खालापूरच्या बाजारात पारूबाई भेटल्या. भाजीची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "काय वो सर, त्या बाईला तुमी घालवली नं?"

मी म्हटलं, "पारूबाई, तो समितीचा निर्णय होता. मी फक्त हात वर केला."

"हात वर कराया काय लागतं? आमच्या म्हशीचं शेपूट बी वर व्हतं."

सभागृहाची क्षमा मागतो, पण माझ्यावर आजवर झालेली ही सर्वांत नेमकी टीका आहे. वर त्यांनी विचारलं, "आता ती घंटी नाय. आमचा मानूस त्याच खड्ड्यात उतरतो. संध्याकाळी भाकर थापताना मी दारात किती येळा जाते, ते तुमच्या बैठकीत कुनी इचारलं का?"

नाही विचारलं. विषयपत्रिकेवर नव्हतं.

मग मी बाईंकडे गेलो. प्रयोगशाळेत त्या काचेच्या पट्ट्या कापसात गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "बाई, मला फार वाईट वाटतंय."

"वाटू द्या," त्या म्हणाल्या. वर पाहिलंही नाही.

"मी तसा तुमच्याच बाजूचा होतो."

"सर, माझा हा पापुद्रा थंड असला ना, की त्याला कशाचंच काही कळत नाही. गॅसच्या टाकीत ठेवा, काटा हलणार नाही. खालून तापवावा लागतो, तेव्हा त्याला जाग येते." मग त्यांनी एक पट्टी उजेडात तिरकी धरली. "तुम्ही चांगले आहात हो. फक्त फार थंड आहात."

पन्नाशीला आलेल्या माणसाला रागावलेलं चालतं. समजून घेतलेलं फार लागतं.

आता वकीलसाहेब घड्याळ बघताहेत, तेव्हा मूळ मुद्द्यावर येतो. वकीलसाहेब, नियम तुम्हीच आम्हाला शिकवले. अनुमोदकाशिवाय ठराव उभा राहत नाही. आणि त्या बैठकीचं इतिवृत्त अजून वाचून कायम व्हायचं आहे. ते पुढच्या बैठकीत होईल. तोपर्यंत माझा शब्द माझा आहे. तेव्हा या सभागृहात, सर्वांसमक्ष, मी माझं अनुमोदन मागे घेतो.

टाळ्या वाजवू नका, हात जोडतो. हे शौर्य नाही. त्या दिवशी खोलीत नऊ माणसं होती तेव्हा गप्प बसलो आणि आज सभागृह भरलंय तेव्हा बोलतोय, कारण मला गर्दीत बोलायची सवय आहे. शिवाय बाईंना शाल मी पांघरवायची असं कार्यक्रमात छापलंय, आणि ती शाल हातात घ्यायची मला लाज वाटली. एवढंच कारण.

समितीचे सगळे सभासद इथे आहेत. ठराव तसाच राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी कुणीही एकाने आता उठून अनुमोदन द्यावं. फक्त बसल्या जागेवरून नको. उभं राहून, आणि बाईंकडे बघून. मी थांबतो.

थांबलो आहे.

कुणी उठलं वाटतं... नाही, तो आमचा शिपाई पोशा. पोशा, तू समितीवर नाहीस रे. काय? पाणी? दे, वकीलसाहेबांना आधी दे.

म्हणजे कुणी नाही.

मागे कोण उठलं? बुधाजी? या, पुढे या, तुमचाच हक्क आहे बोलायचा. या ना. काय म्हणालात? जरा मोठ्याने.

"नाय सर, बोलायचं नाय. माजी चारची पाळी हाय. उशीर व्हतोय. मी निगतो."

...

बसा, बसा सगळे. पाहिलंत ना? आपण इथे सूचक-अनुमोदक खेळतोय आणि त्यांची पाळीची वेळ झाली. त्याच खड्ड्यात. भिंतीवर सासू नाही. ती आपल्या भांडारात, क्रीडा ढालींच्या कपाटात पडली आहे, माळेच्या सुकलेल्या झेंडूसकट. मीच ठेवायला सांगितली होती.

बुधाजी, दोन मिनिटं थांबा.

शेठजी, माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा सूचक होतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. ती घंटा बुधाजींबरोबर आत्ता कारखान्यात परत जावी, अशी मी सूचना मांडतो. ती उगाच ओरडेल. धुपाला ओरडेल, फोडणीला ओरडेल, तुमच्या पुढच्या आरतीतही ओरडेल. तुमचं नुकसान होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. पण दोन वर्षांपूर्वी ती मागायला तुम्हीच आला होतात. त्या दिवशी तुम्हाला ज्याची भीती वाटली होती, ते अजून तिथेच आहे.

शेठजी मान हलवताहेत. उभी हलवताहेत की आडवी, ते मला चष्म्यातून नीट दिसत नाही. पण मी जन्माचा अनुमोदक माणूस. मी होकार धरतो. चुकीचं धरत असेन तर शेठजी, तुम्ही बोलावं.

बोलत नाहीत. आभारी आहे.

पोशा, पाण्याचा तांब्या ठेव आणि भांडाराचं कपाट उघड. किल्ली प्राचार्यांकडे आहे. प्राचार्य महोदय, किल्ली... धन्यवाद.

बाई, तुम्ही कुठे उठलात? अहो, शाल राहिली, नारळ राहिला, तुमचं मनोगत राहिलंय!

"सर, तो पापुद्रा पंधरा दिवस थंड पडलाय. नवीन लावावा लागेल, नाहीतर नुसती डबी टांगाल. मनोगत बुधाजींना वाटेत सांगते. पारूबाई, येताय ना? चला."

गेल्या.

अध्यक्ष महोदय, माझी पंचाईत झाली आहे. निरोप ज्यांना द्यायचा त्याच बाई कार्यक्रमातून निघून गेल्या, आणि कारखान्याच्या रस्त्याला लागल्या. अशा वेळी निरोप झाला असं धरायचं की राहिला असं, याचा नियम माझ्या वाचनात नाही. बाईंनी मला माफ केलं असंही कुणी समजू नये. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ही शाल मी घडी करून टेबलावर ठेवतो. पुढच्या बैठकीपर्यंत ती तिथेच राहू द्या. ज्यांना ती बाईंना पांघरवून निरोप द्यावासा वाटेल, त्यांनी त्या बैठकीत बोलावं.

ज्या संयोजकांनी मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलं त्यांचे, इतका वेळ खुर्च्या न वाजवता बसलेल्या विद्यार्थ्यांचे आणि फवाऱ्याबद्दल झाकीरभाईंचे मी मनापासून आभार मानतो. आज बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, मानापमानात काही उणं-अधिक राहिलं असेल, तर ते इथेच सोडून द्या.

त्या बैठकीत मी एक शब्द बोललो होतो. तो मात्र सोडून देऊ नका.